तपासणाऱ्याची सही

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या विभागात प्रश्नावल्या यायला लागतात. कुणाचा एम.बी.ए.चा प्रकल्प असतो, कुणाची पीएच.डी. असते. विषय थोड्याफार फरकानं एकच: विद्यापीठातल्या प्रशासकीय कर्मचाऱ्यांचं कार्यसमाधान. ‘मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो’, ‘माझ्या कामाची दखल घेतली जाते’, ‘मला पदोन्नतीच्या पुरेशा संधी आहेत’ अशी विधानं आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन, पूर्णपणे सहमतपासून पूर्णपणे असहमतपर्यंत. संशोधक मुलगी दाराशी ताटकळत असते, तिला संध्याकाळची एसटी गाठायची असते. म्हणून मंडळी डबा आवरता आवरता खुणा करून कागद परत देतात. बरेच जण सरळ एका ओळीत ‘सहमत’वर बरोबरच्या खुणा ओढतात. नाव लिहायचं नसलं तरी विभाग, पदनाम आणि सेवेची वर्षं लिहायची असतात, आणि तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मी मात्र ती प्रश्नावली मन लावून भरते. विद्यापीठ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर प्राध्यापक, कुलगुरू, पदवीदान समारंभ येतो. पण मुलानं प्रवेश घेतल्यापासून त्याच्या हातात पदवी पडेपर्यंत त्याचा कागद पात्रता, परीक्षा, निकाल, पुनर्मूल्यांकन, पदवी प्रमाणपत्र अशा टेबलांवरून फिरत असतो, आणि त्या प्रत्येक टेबलामागे एक माणूस बसलेला असतो. तो कुठल्या मनःस्थितीत बसलाय, यावर त्या मुलाचं पुष्कळ काही अवलंबून असतं.

या प्रश्नावल्यांच्या मागच्या पानांवर एक नाव हमखास असतं, फ्रेडरिक हर्झबर्ग. १९५९ मध्ये या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून आपलं म्हणणं मांडलं. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा, नोकरीची शाश्वती यांत खोट असली की माणूस नाराज होतो; पण ती खोट भरून निघाली म्हणजे तो समाधानी झालाच असं नाही. समाधान येतं ते कामातून, काही तडीस नेल्याच्या भावनेतून, जबाबदारीतून. मला त्याच्या सिद्धांतापेक्षा त्याची विचारण्याची रीत जास्त आवडली. त्यानं पाच चौकोन पुढे ठेवले नव्हते. कामावर फार चांगलं वाटलं असा प्रसंग सांगा, फार वाईट वाटलं असा प्रसंग सांगा, एवढंच विचारलं होतं.

तेच मी गेल्या वर्षभरात जमेल तसं आमच्या लोकांना विचारत गेले. कधी डबा खाताना, कधी बससाठी थांबलेलं असताना.

आमचे एक वाहनचालक यंदा निवृत्त होतील. ते म्हणाले, “मॅडम, प्रश्नपत्रिकांची पाकिटं घेऊन जायचो ते दिवस.” तेव्हा सीलबंद पाकिटं जीपमधून परीक्षा केंद्रांवर पोचवायची असत. पावसाळी सत्राच्या परीक्षेला पहाटे निघायचं, घाटात दरड, ओढ्याला पाणी, आणि पेपर सुरू व्हायच्या आत कॉलेजच्या फाटकात गाडी लागलीच पाहिजे. आता पेपर सुरू होण्याच्या जरा आधी प्रश्नपत्रिका ऑनलाइन जाते, कॉलेजात तिच्या प्रती काढतात. ते सोयीचं आहे, सुरक्षितही आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मग म्हणाले, “पण तेव्हा मुलं पेपर लिहायला बसली की मी पोर्चमध्ये चहा प्यायचो ना, तो चहा वेगळा लागायचा.”

आस्थापना विभागातल्या एका ताईंचं काम सेवापुस्तकांचं, म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदवह्यांचं. वेतननिश्चिती, रजेचे हिशेब, निवृत्तीचे प्रस्ताव. त्यांना चांगलं कधी वाटतं? एखादा शिपाई किंवा हमाल निवृत्त होतो, त्याच्या सेवापुस्तकात सेवेत पडलेल्या कुठल्या तरी जुन्या खंडाची नोंद राहून गेलेली असते, त्या ती शोधून, आदेश जोडून, प्रस्ताव वेळेत पाठवतात आणि त्याचं पेन्शन विनाखंड सुरू होतं तेव्हा. तो माणूस पेढे घेऊन येतो. वाईट कधी वाटतं, हे मी विचारलं नव्हतं. त्या आपणहून बोलल्या. त्या स्वतः १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या, म्हणजे त्यांना जुनी पेन्शन योजना नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या पेन्शनची गणितं बिनचूक करायची आणि तसा कागद आपल्या नावानं कधीच निघणार नाही हे माहीत असायचं. “काम आवडतं हो मला,” त्या म्हणाल्या, “पण कधी कधी आकडेमोड करताना हात जड होतो.” मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी संपावर गेले तेव्हा घोषणा देणाऱ्यांत त्यांचा आवाज सगळ्यात खणखणीत होता.

हर्झबर्गच्या मांडणीत समाधान एका खात्यात जमा होतं आणि नाराजी दुसऱ्या. या ताईंच्या टेबलावर दोन्ही एकाच सेवापुस्तकाच्या एकाच पानावर आहेत. त्यांना मी कुठल्या खात्यात टाकू?

तिसरं उत्तर कंत्राटी मुलाचं. त्याच्याकडे नंतर येते, कारण त्याआधी एक जुनं लेजर उघडावं लागेल.

मी पदवी प्रमाणपत्र आणि पडताळणी पाहते. आमच्याकडे आलेल्या माणसाची परीक्षा होऊन बरीच वर्षं झालेली असतात. परदेशी निघालेल्यांना ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र दाखला, हवं असतं, कंपन्यांना उमेदवाराची पदवी खरी आहे का ते हवं असतं. नव्या निकालांचं सगळं संगणकात आहे, अलीकडच्या पदव्या डिजिलॉकरमध्ये दिसतात. पण जुने निकाल अजूनही लेजरमध्येच पाहावे लागतात. तांबड्या कापडी पुठ्ठ्याची, दोन हातांनी उचलावी लागणारी ही बाडं. परीक्षा, सत्र, केंद्र आणि बैठक क्रमांक माहीत असेल तर पाच मिनिटांचं काम. नाहीतर ओळ न् ओळ बोट फिरवत जायचं.

मागे एक बाई आल्या होत्या, साठीच्या आसपासच्या. बी.ए. झाल्या होत्या १९८० च्या दशकात. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आतच लग्न झालं, सासर दुसऱ्या जिल्ह्यात. निकाल भावानं कॉलेजच्या फळ्यावर पाहिला आणि पत्रानं कळवला, एवढंच. पदवीसाठी वेगळा अर्ज करायचा असतो, त्याची फी भरायची असते, हे सांगणारं कुणी नव्हतं. अशा बायका आमच्याकडे अधूनमधून येतात; पास झालेल्या, पण पदवी कधीच न नेलेल्या. यांना आता मुक्त विद्यापीठातून एम.ए. करायचं होतं. जवळ काय, तर दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका, घडीवर फाटलेली आणि सेलोटेपनं चिकटवलेली. बैठक क्रमांक आठवत नव्हता. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आणि कॉलेजच्या दप्तरात आडनावाचं स्पेलिंग तिसरंच.

लेजर सापडलं. त्यांची ओळही सापडली, दुपारनंतर. आणि त्या ओळीवर मी थबकले. एका विषयाच्या गुणांवर आडवी रेघ मारून बाजूला नवा आकडा लिहिलेला होता, पहिल्यापेक्षा चारनं जास्त. त्यामुळे एकूण बेरीजही खोडून नवी लिहिलेली, आणि शेवटच्या रकान्यात आधीचा ‘अनुत्तीर्ण’चा शेरा खोडून ‘उत्तीर्ण’. खाडाखोड केली की शेजारी सही आणि तारीख हवी, हा आमच्याकडचा पहिला धडा. इथे हिरव्या शाईत दोन्ही होतं, त्याखाली वरिष्ठांची प्रतिस्वाक्षरी, आणि शेऱ्यात बारीक अक्षरात कारणही: गुणतक्त्यावरून उतरवताना आकडा चुकला होता, मूळ तक्त्याशी ताडून दुरुस्त केला.

म्हणजे काय झालं असेल ते मला दिसत होतं. एका कारकुनानं गुण उतरवले. दुसऱ्यानं तक्ता शेजारी घेऊन, पट्टी सरकवत, एकेक आकडा ताडून पाहिला, आणि शेकडो ओळींमधल्या या ओळीशी थांबला. तो थांबला नसता तर ती मुलगी नापास झाली असती. भावाच्या पत्रात नापास असं आलं असतं. लग्न होऊन गेलेल्या मुलीला ऑक्टोबरला पुन्हा परीक्षेला कुणी बसवलं असतं? तिनं जन्मभर स्वतःला नापास मानलं असतं आणि तसं मानायला जागाच नव्हती.

मी लेजर खिडकीशी नेऊन त्यांना ती ओळ दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, मग विचारलं, “हे कुणी केलं?” सहीत इंग्रजीतली दोन अक्षरं होती फक्त. मी विभागातल्या जुन्या लोकांना विचारलं, दोघा निवृत्तांना फोन केले. ओळख पटली नाही.

त्या दिवशी मला जे वाटलं ते कुठल्या चौकोनात बसेल? कारण त्यात माझं काम थोडं होतं. शोधणं, दाखवणं, प्रमाणपत्र काढून देणं. समाधान मला त्या अनोळखी माणसाच्या कामाचं वाटत होतं. आपण ज्या कामात आयुष्य घालवतो ते काम असं असू शकतं, याचा तो पुरावा होता. त्याला हे कधी कळलं नसेल. पण तपासताना त्याच्याजवळ वेळ होता, मूळ तक्ता समोर होता, दुरुस्ती करायचा अधिकार होता आणि खाली सही करायला जागा होती. माझ्या मते आमच्या कामातलं समाधान या चार गोष्टींत आहे. पगार आणि बढती लागतेच, ती हक्काची आहे. पण या चारांपैकी एकेक काढून घेतली जाते तेव्हा माणूस आतून सुटत जातो, आणि गेल्या वीसेक वर्षांत मी ते पाहत आले आहे.

वेळेचं घ्या. कायद्यानं परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल लावायचा असतो. १९९४ च्या कायद्यात ही तरतूद होती, २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमातही आहे, आणि ती योग्यच आहे. निकाल अडकला की मुलाचा पुढचा प्रवेश अडकतो. पण वार्षिक परीक्षा होत्या तेव्हाचे ४५ दिवस आणि सत्र पद्धत, श्रेयांक, बॅकलॉग, अंतर्गत मूल्यमापन आल्यानंतरचे ४५ दिवस एकच कसे? एका निकालाची दुरुस्ती सुरू असते तोवर पुढच्या सत्राचे अर्ज सुरू झालेले असतात. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येईल असं सांगितलं. फार चांगलं झालं. विद्यार्थ्याचा हक्कच आहे तो. पण त्या हक्कामागे छायाप्रती, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज, त्यांचे निकाल ही कामं वाढली. माणसं मात्र वाढली नाहीत, कमीच होत गेली. निवृत्त झालेल्याची जागा भरायची तर आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा), बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या आरक्षणात याचा तक्ता), शासनाची मान्यता असं सगळं पार पडावं लागतं. तोवर त्याचं टेबल शेजारच्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून जातं. अतिरिक्त कार्यभाराखाली पहिल्यांदा काय सुटतं? ताडून पाहणं. आकडा भरायचा राहिला तर लगेच दिसतं, तपासायचं राहिलं तर कुणाला दिसत नाही.

घाईचं टोक काय असतं ते २०१७ मध्ये साऱ्या राज्यानं मुंबई विद्यापीठात पाहिलं. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय एका झटक्यात सगळ्या परीक्षांना लागू झाला. निकाल महिनोन्‌महिने रखडले, मुलांचे परदेशातले प्रवेश गेले, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. मी तिथली नव्हे. पण तेव्हाच्या बातम्यांतले ते खिडकीबाहेरच्या रांगांचे फोटो पाहताना माझं लक्ष खिडकीच्या आत जायचं. आत बसलेल्या माणसानं तो निर्णय घेतलेला नसतो, त्याला तो बदलता येत नाही, आणि समोरच्या रडवेल्या मुलाला ‘उद्या या’ म्हणण्यापलीकडे त्याच्या हातात काही नसतं. आपलं काम आपल्याला नीट करता येत असूनही करू न मिळणं, यासारखं दुःख कचेरीत दुसरं नाही. चहाच्या टपरीवर लोक ज्याला कारकुनाचा निगरगट्टपणा म्हणतात, तो पुष्कळदा इथून सुरू होतो. रोज लाज वाटून घेऊन माणूस जगू शकत नाही. तो हळूहळू लाज वाटणं बंद करतो.

आमच्यावर आणखी एक राग असतो, संपाचा. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कोरोनातल्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षांच्या तोंडावर, राज्यभरातल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आधी लेखणीबंद आणि मग कामबंद आंदोलन केलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा परीक्षांच्या कामावर बहिष्कार. सातवा वेतन आयोग राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या पगारात २०१९ च्या सुरुवातीला आला होता, आम्हाला त्यासाठी आंदोलन करावं लागलं. दुसरी मोठी मागणी सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेची: बढतीची जागाच नसेल तर ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर निदान वरची वेतनश्रेणी मिळावी. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलेला माणूस वरची पदं रिकामी असूनही पंधरा-वीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेला मी पाहिला आहे, त्यामुळे त्या मागणीचं मोल मला माहीत आहे. मी आंदोलनात होते, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण प्रवेशद्वाराशी आम्ही बसलेलो असताना एक मुलगा हॉलतिकिटावरचं चुकलेलं नाव दुरुस्त करायला आला. पदवी विभागातल्या एका सहकाऱ्यानं त्याचा अर्ज घेतला, फोन नंबर लिहून घेतला, आणि संप मिटल्यावर सकाळी पहिलं काम तेच केलं. हक्कासाठी बसलेला आणि मुलाच्या नावाची काळजी करणारा हा एकच माणूस आहे. बाहेरच्यांना त्यातला एकच दिसतो, कधी हा, कधी तो.

आता तो कंत्राटी मुलगा.

निकालाच्या कामासाठी एजन्सीमार्फत आलेला, विज्ञान पदवीधर, पंचविशीचा. अकरा महिन्यांचा आदेश संपतो, मध्ये दोन-चार दिवस जातात, पुन्हा आदेश. त्याला चांगला प्रसंग विचारला तर लगेच सांगितलं. एका कॉलेजचा निकाल जाहीर व्हायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं की एका विषयात जवळजवळ सगळा वर्ग नापास दिसतोय. त्यानं खोलात जाऊन पाहिलं. कॉलेजनं अंतर्गत गुण भरले होते, पण शेवटची मंजुरीची कळ दाबायची राहिली होती, म्हणून प्रणालीनं सगळ्यांना शून्य धरलं होतं. त्यानं प्राचार्यांना फोन लावला, अधीक्षकांना उठवलं, रात्री गुण आले, सकाळी निकाल बरोबर लागला. वर्गातल्या एकाही मुलाला पत्ता लागला नाही. सांगताना त्याचा चेहरा फुलला होता.

आणि वाईट? तो म्हणाला, “मॅडम, ते मी केलं हे कुठेच नाही.” कंत्राटी माणसाला प्रणालीत स्वतःचा लॉगिन नाही. तो साहेबांच्या लॉगिनवर काम करतो. त्यानं ताडलेला प्रत्येक आकडा, त्यानं पकडलेली प्रत्येक चूक दुसऱ्याच्या नावावर नोंदली जाते. उलटही तितकंच खरं: कुठे गफलत झाली तर “तो कंत्राटी पोरगा” एवढं म्हटलं की चौकशी संपते, कारण त्यानं काय केलं आणि काय नाही याची नोंदच नाही. त्याच्या जागी मी असते तर दुसऱ्यांदा तशी संध्याकाळ आली असती तेव्हा कळ न दाबलेल्या कॉलेजसाठी थांबले असते का, हे मला सांगता येत नाही. तो थांबतो. अजून थांबतो.

हिरव्या शाईची ती दोन अक्षरं निदान लेजरमध्ये होती.

या महिन्यात मी टिपणी लिहिली आहे. परीक्षा आणि निकालाच्या प्रणालीत काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कायम असो वा कंत्राटी, स्वतःच्या नावाचा लॉगिन द्यावा. गुण भरणारा आणि गुण ताडणारा या दोन वेगळ्या नोंदी असाव्यात. दुरुस्तीचं कारण लिहिल्याशिवाय दुरुस्ती स्वीकारली जाऊ नये. तीन मुद्दे, दीड पान. सोबत जुन्या लेजरमधल्या त्या पानाची छायाप्रत, नाव आणि बैठक क्रमांक झाकून. अधीक्षकांनी ‘शिफारस’ लिहून वर पाठवली. सहायक कुलसचिवांनी विचारलं आहे की कंत्राटी व्यक्तीवर जबाबदारी निश्चित करता येईल का, हे एजन्सीच्या करारनाम्यावरून तपासून फेरसादर करावं. करारनामा लेखा विभागात आहे. सोमवारी आणायला जाते आहे, आणि त्या मुलालाही बरोबर नेणार आहे, कारण त्याच्या कामाच्या अटी कोणत्या कागदावर लिहिल्या आहेत ते त्यानं आजवर पाहिलेलं नाही.